होडीचा ‘रो’ आणि भांडणाचा ‘राउ’

प्रश्न : इंग्रजीत ‘रो’ (row) म्हणजे कधी रांग, कधी होडी वल्हवणे, कधी भांडण. कायाक (अरुंद, हलकी होडी) चालवणे हेही ‘रो’ का? मराठीत सरसकट ‘नौकानयन’ लिहावे का?

उत्तर : स्पेलिंग एक असले तरी हे तीन वेगळे शब्द आहेत. रांग आणि होडी यांचा उच्चार ‘रो’. भांडणाचा मात्र ‘राउ’, म्हणजे ‘काउ’शी जुळणारा. राजकीय बातमीच्या मथळ्यात दिसतो तो बहुधा हाच.

क्रियापद म्हणून ‘रो’ नावेला लागते तसे माणसालाही लागते. ‘ही रोड अस अक्रॉस’ याचे ‘त्याने आम्हाला वल्हवले’ केले तर हसू येईल. मराठीत वल्हवतात ती नाव. माणसाला ‘होडीतून पलीकडे सोडतात’.

कायाकला ‘रो’ कधीच म्हणू नका. खरी मेख वल्ह्यात आहे. ‘ओर’ होडीच्या काठाला अडकवलेले असते, त्यामुळे ते तरफेसारखे काम करते, आणि वल्हवणारा जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो. ‘पॅडल’ नुसते हातात धरायचे असते, तोंड पुढे. कायाक आणि तिच्यासारखीच कॅनो ही होडी पॅडलने चालतात. ओर ज्यात अडकते त्या ‘रोलॉक’चा ब्रिटिश उच्चार ‘रॉलक’ असा होतो. अमेरिकेत त्यालाच ‘ओरलॉक’ म्हणतात.

शर्यतीत आणखी एक पोटभेद असतो. प्रत्येकाकडे एकच लांब वल्हे असेल तर ‘स्वीप’, दोन्ही हातांत एकेक आखूड असेल तर ‘स्कल’. नाशिक जिल्ह्यातील दत्तू भोकनळ 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्समध्ये उतरले होते. म्हणजे एकटा माणूस, दोन वल्ही, अंतर 2000 मीटर. तिथे ‘स्कलिंग’ म्हटले काय किंवा ‘रोइंग’ म्हटले काय, दोन्ही बरोबर. उलट स्वीपला ‘स्कलिंग’ म्हणणे चूक.

‘नौकानयन’ आमच्या मते निसरडा शब्द. तो शिडाच्या नौकांनाही वापरतात, आणि वाचकाला खेळ कोणता ते कळतच नाही. ‘रोइंग’ आता मराठीत रुळला आहे, तोच वापरावा. शिडाच्या शर्यतीला ‘सेलिंग’.

जाता जाता : मंत्री एखाद्या घोषणेवरून ‘रो बॅक’ करतात तेव्हा खरी होडी कुठेच नसते. शब्द फिरवणे, माघार घेणे, एवढाच अर्थ. उच्चार मात्र होडीचाच, ‘रो’.