आधी खुर्च्या कमी मांडा

स्टार्टअप उद्योजकांचा गट नियमित जमवायचा असेल, तर हॉल, प्रायोजक, लोगो यांच्या मागे आत्ताच लागू नका. महिन्यातला एक दिवस ठरवा आणि चारच डोकी जमली तरी तो चुकवू नका. १९७५ मध्ये होमब्रू कम्प्युटर क्लब या हौशी संगणकप्रेमींच्या गटाची पहिली बैठक कॅलिफोर्नियात, मेन्लो पार्कमधल्या एका गॅरेजमध्येच भरली होती. पुढे ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाकने ॲपल-१ या संगणकाचे आराखडे त्याच क्लबात फुकट वाटले.

भाषणं नकोतच. एकाने लॅपटॉप उघडून आपलं अर्धवट ॲप दाखवावं, बाकीच्यांनी ते वापरून बघावं आणि कुठे अडलो ते तोंडावर सांगावं. गुंतवणूकदार, अधिकारी खुशाल येऊ देत, पण सूत्रं उद्योजकांच्याच हाती हवीत. आणि हो, नुसती व्हिजिटिंग कार्डं वाटत फिरणारे येणारच. त्यांना पुढच्या वेळी डेमो द्यायला सांगा, बरेचसे आपोआप गळतात.