आजीचं आयुष्य लिहायला घेतलंय, पण तारखाच जुळत नाहीत

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो, मूळ घर देवासचं. माझी आजी मागच्या दिवाळीनंतर गेली, नव्वदी ओलांडून. वर्षश्राद्धाला सगळे जमतील तेव्हा तिच्यावर एक छोटी पुस्तिका घरच्यांच्या हातात द्यायची असं ठरलंय आणि मी ती तयार करून राहिलेय, पण अडकलेय. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी १९३५, काका म्हणतात १९३०, आणि ट्रंकेत पत्रिका सापडली तिच्यात शके १८५३, आश्विन असं आहे. लग्नाचं साल कुणालाच माहीत नाही, ती फक्त "राजे होते तेव्हा" एवढंच म्हणायची. घरच्यांकडून आठवणी मागवल्या तर सगळ्यांनी तेच पाठवलं, प्रेमळ, कष्टाळू, सुगरण. आणि आजी आणि मोठी काकू कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, ते लिहायचं का? काका म्हणतात नाव काढू नकोस. (एक नात, इंदूर)

उत्तर : पत्रिकेवरच विश्वास ठेवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९३१, आणि आश्विन म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर. (१ जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतचा जन्म असता तर ७९ मिळवावे लागले असते.) पत्रिकेत संवत्सराचं नाव असेल तर तेही बघा, प्रजापती असेल तर हिशोब पक्का. आधारवरची १ जानेवारी मनावर घेऊ नका, त्या पिढीतल्या कितीतरी जणांची तारीख अशीच कुणीतरी फॉर्म भरताना अंदाजाने टाकलेली असते.

आता लग्न. "राजे होते तेव्हा" हे वाक्य मोघम वाटतं पण त्यात बराच पत्ता आहे. देवासात एका गावात दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती, म्हणजे एकाच घराण्याच्या दोन शाखा, आणि दोन्ही संस्थानं १९४८ मध्ये मध्य भारतात गेली, त्या राज्याचं उद्घाटन २८ मे १९४८ चं. म्हणजे लग्न त्याच्या आधीचं, आणि आजी तेव्हा जास्तीत जास्त सोळा वर्षांची. आणखी जवळ जायचं असेल तर आजीच्या नात्यातल्या कुणी वयस्कर बाई असतील त्यांना विचारा की थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव कोल्हापूरच्या गादीवर गेले तेव्हा हिचं लग्न झालं होतं का, ते साल १९४७. सन विचारला तर त्या गप्प बसतील, पण हे विचारलं तर पटकन सांगतील. बाकीच्या आठवणींची सालं लावायलाही अशाच खुणा धरा, गायक कुमार गंधर्व आजारपणात हवापालटासाठी देवासला आले ते १९४८ मध्ये, आणि नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. आजीच्या हिशोबाच्या वह्या असतील तर जिथे आणे संपून नवे पैसे सुरू होतात ते पान शोधा आणि त्याचा फोटो पुस्तिकेत छापाच, तिच्या अक्षरातला फोटो दहा पानांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगेल.

प्रेमळ, कष्टाळू, सुगरण हे तिन्ही शब्द सरळ काढून टाका. खोटे आहेत म्हणून नाही हो, पण ते कुणाच्याही आजीला लागू पडतात आणि तुमची आजी त्यात कुठेच दिसत नाही. घरच्यांना परत मेसेज करा, पण "आठवणी पाठवा" असं नको, नेमकं विचारा. आजीने कुणाचं न ऐकता केलेली गोष्ट कोणती? पैशांचं कपाट कुणाच्या हातात होतं आणि ते तिच्या हातात कधी आलं? कुणाच्या फीसाठी पाटल्या मोडल्या? १९९० मध्ये देवासला प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं होतं, "डग डग रोटी, पग पग नीर" म्हणणाऱ्या मालव्यात, तेव्हा आजी साठीला टेकलेली होती. त्या उन्हाळ्यात घरात पाणी कसं मोजलं जायचं, आंघोळीचं पाणी पुढे कशाला वापरायचं, पाहुणे आले की काय करायचं हे ठरवणारी बाई तीच असणार ना? हे तुमच्या आईला आणि काकूंना विचारा, पुरुषमंडळींना नाही, कारण हंडे कुणी भरले ते ज्यांनी भरले त्यांनाच आठवतं.

आणि माहेरचं नाव! लग्नात नाव बदललं की नातवंडांपर्यंत ते पोचतच नाही. पत्रिका जन्माची आहे, त्यात ते नाव असेल, ते पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात टाका. लग्नापर्यंत ती त्याच नावाने हाक ऐकत होती.

राहिला अबोला. यात काकांचं मत शेवटचं नाही आणि तुमचंही नाही, मोठ्या काकूंचं आहे. त्यांच्याकडे जा, पुस्तिकेबद्दल सांगा आणि त्यांना काय लिहावंसं वाटतं ते विचारा. त्या नको म्हणाल्या तर विषय संपला. पण त्या बोलल्या तर त्यांच्या शब्दांत, त्यांना वाचून दाखवून, तसंच छापा, त्यात गोड करायला जाऊ नका. माझं स्पष्ट मत आहे की मोठं एकत्र घर चालवणारी बाई कडक असतेच, आणि तो कडकपणा ज्यांच्या वाट्याला आला त्यांना एक पान मिळालं नाही तर ती पुस्तिका आजीची होत नाही, फोटोला घातलेला हार होते.

फोटोंच्या मागे नावं पेन्सिलने लिहा, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

प्रश्न : माझी आजी ब्याण्णव वर्षांची आहे, माहेर धारचं. मोबाइल समोर धरला की "काय सांगू, झालं सगळं" म्हणते आणि गप्प. काय करू? (नातू, राजेंद्रनगर, इंदूर)

उत्तर : मोबाइल समोर धरूच नका. रेकॉर्डिंग करतोय हे तिला सांगा, तिचा होकार घ्या, आणि मग फोन बाजूला ठेवून द्या. ती मेथी निवडत असेल तेव्हा शेजारी बसा, तुम्हीही निवडा, हात कामात असले की बोलणं आपोआप सुरू होतं. सुरुवात संजापासून करून बघा. पितृपक्षात भिंतीवर शेणाने आकृत्या काढून फुलांच्या पाकळ्या लावायच्या, संध्याकाळी गाणी म्हणायची, हा खेळ मालव्यातल्या मराठी घरांतल्या मुलीही खेळायच्या. शेवटच्या दिवशी किलाकोट, म्हणजे किल्ल्यासारखी मोठी आकृती, कसा काढायचा ते विचारा आणि कागदावर मुद्दाम चुकीचा काढून दाखवा. ती तो खोडून नीट काढून दाखवेल, मग भिंत कुणाच्या घराची होती, बरोबर कोण कोण मुली होत्या, कुणाचं लग्न आधी ठरलं हे सगळं निघेल. तिने तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तरी थांबवू नका, दरवेळी एखादं नवं नाव येतंच. अर्ध्या तासाच्या वर बसू नका, या वयात थकवा लगेच येतो. आणि फोन आधी एअरप्लेन मोडवर टाका, मधेच कॉल आला की रेकॉर्डिंग तुटतं.