यादीत नाव आलं तर

चि. लेकरा,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज वाचला. तुमच्या तेल कंपनीत नवीन ऑर्ग चार्ट, म्हणजे कुठल्या पोस्टवर कोण याचा तक्ता, येणार, सगळ्यांनी आपल्याच पोस्टसाठी परत अप्लाय करायचं, आणि तू आत्तापासूनच धरून बसलायस की आपलंच काहीतरी कमी पडलं. तसं नाही रे. शेव्हरॉन या अमेरिकन तेल कंपनीने फेब्रुवारी 2025 मध्ये 15 ते 20 टक्के माणसं कमी करणार म्हणून सांगितलं, सप्टेंबरमध्ये तशाच कोनोकोफिलिप्सने 20 ते 25 टक्के, मग एवढी सगळी माणसं एकाच वर्षात कामचुकार झाली का? कंपनीने कंपनी विकत घेतली की एका खुर्चीला दोन माणसं होतात, भाव पडला की आधी पगाराच्या खर्चावर नजर जाते. 2014 ला ब्रेंट कच्चं तेल पिंपाला 110 डॉलरच्या वर होतं ते 2016 च्या जानेवारीत 30 च्या खाली गेलं, तेव्हा मी गल्फमध्ये होतो, आमच्यातला सगळ्यात हुशार कॉम्प्रेसरवाला पहिल्याच यादीत गेला कारण त्याचं अख्खं डिपार्टमेंटच चार्टवरनं काढलं होतं.

आता कामाचं बोलू. तू एच-वन-बी वर, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसावर आहेस, नोकरी सुटल्यावर तिथं राहायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात, म्हणून शेवटचा दिवस नेमका कुठला धरणार ते एचआरकडनं लेखी घे. सेव्हरन्सच्या, म्हणजे काढताना देतात त्या पैशाच्या, कागदावर तिथल्या तिथं सही करू नको, घरी आण, वकिलाला दाखव.

आणि तुझा सीव्ही बघितला, "मेंटेनन्स सपोर्ट" काय लिहिलंयस? कुठला पंप, सील सारखं का जात होतं, तू काय बदललंस, पुढं किती महिने तो बंद पडला नाही, हे लिही ना! कंपनीच्या फाइली मात्र उचलू नको, आठवणीतनं लिही. पंप काय फक्त तेलातच असतात होय, केमिकल प्लँट आहेत, आपल्याकडं साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत, किर्लोस्करवाडीत तर पंपच बनतात. इकडं पगार कमी मिळेल, ते खरंय, पण पर्याय म्हणून डोक्यात असू दे.

विश्रामबागच्या फ्लॅटचं बुकिंग आत्ता थांबव. आणि घरी सांग बाबा. तुझी आई परवा मंडईत भेटली, "पोरगं फोनवर नीट बोलत नाही" म्हणाली, तिला काय सांगावं मला सुचेना.

रविवारी तुझ्या सकाळी फोन कर, सीव्ही समोर ठेव, एकेक ओळ बघू.

तुझा,
काका, सांगली