जुन्या प्रीमियर पद्मिनीत आर-१२चा एसी आहे. तो गॅस आता मिळत नाही. नुसता गॅस बदलून चालेल का, की सगळी सिस्टिम बदलावी? गाडीचा ओरिजिनलपणा जाईल का?

नुसता गॅस बदलून चालत नाही. "चालतंय की, काय होतंय?" म्हणणारे कोल्हापुरात गल्लोगल्ली भेटतील. त्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे का, एवढं आधी बघा.

आमच्याकडे आप्पांची कॉन्टेसा आहे, पांढरी, १.८ लिटरच्या इसुझु इंजिनची. एसी आप्पांनी बाहेरून बसवून घेतला होता. दोन पिस्टनचा जडशीळ कॉम्प्रेसर, आर-१२वर चालणारा. आप्पा गेले त्याच्या पुढच्या मे महिन्यात भाचीचं लग्न निघालं. हॉल सांगलीत. नवरीला याच गाडीतून न्यायचं हे आप्पांनीच ठरवून ठेवलेलं. एसी गार करत नव्हता. मी म्हटलं, लग्न होऊ दे, मग निवांत सगळं काम काढू, तोवर काचा खाली करून जाऊ. दाजींना, म्हणजे नवरीच्या वडिलांना, ते पटलं नाही. ते परस्पर गाडी घेऊन गेले आणि तासाभरात आर-१३४ए, म्हणजे आर-१२च्या जागी आलेला गॅस, मारून परत आले. "बघ, बर्फ झालाय बर्फ. तू उगंच पुस्तकं वाचत बसतोयस."

गार झालीच होती, ते नाकारत नाही. लग्नाच्या सकाळी हातकणंगले मागं पडलं आणि बोनेटखालून करकर सुरू झाली. पाठोपाठ जळक्या रबराचा वास. जयसिंगपूरच्या अलीकडं कॉम्प्रेसर जाम झाला. बोनेट उघडलं तर कॉम्प्रेसरच्या क्लचची प्लेट तापून निळी पडलेली आणि पट्टा धुमसतोय. वॉटर पंपाचा पट्टा वेगळा होता म्हणून बरं. कॉम्प्रेसरचा पट्टा कापून काढला आणि गाडी पुढं नेली. नवरी सगळ्या काचा खाली करून, एका हातानं शालू आणि दुसऱ्या हातानं मुंडावळ्या सावरत हॉलवर उतरली. तिथं पाहुण्यांसमोर दाजी म्हणाले, "भंगार आहे ते. विका म्हणून कवाच सांगितलंय."

आप्पांच्या गाडीला मांडवात भंगार म्हटलेलं मी विसरलेलो नाही. गाडीचा काडीचाही दोष नव्हता.

तो कॉम्प्रेसर नंतर उद्यमनगरात माझ्यासमोर उघडला. पिस्टनच्या भिंतींवर उभे ओरखडे, बेअरिंग कोरडं ठणठणीत. तेल कुठं गेलं म्हणून कूलिंग कॉइल सोडवून उलटी धरली, तर सगळं तिथं साचलेलं, काकवीसारखं संथ ओघळत बाहेर आलं. आर-१२सोबत मिनरल ऑइल फिरतं. आर-१३४ए त्या तेलात मिसळत नाही, त्यामुळं गॅस फिरतो आणि तेल कॉइलमध्ये, कंडेन्सरमध्ये (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) बसून राहतं. कॉम्प्रेसरकडं ते परत येतच नाही. म्हणून सुरुवातीला बर्फ आणि मग जाम.

तेव्हा तुमच्याकडं पहिलं काम जुनं तेल धुऊन काढायचं. लाइन, कॉइल सगळं फ्लश करायचं आणि कॉम्प्रेसरला चालेल ते पीएजी किंवा एस्टर ऑइल घालायचं. ओलावा शोषणारा ड्रायर नवाच हवा, जुन्यातले दाणे या गॅसला चालत नाहीत. रबरी होज बॅरिअरचे, म्हणजे आत गॅस अडवणारा थर असलेले घ्या, कारण १३४एचा कण बारीक असतो आणि जुन्या रबरातून हळूहळू निसटतो. ओ-रिंग तर बदलायच्याच. गॅस वजनावर भरायचा, आर-१२च्या साधारण ८० ते ९० टक्के. जुन्या मापानं भरला की प्रेशर चढतं आणि मे महिन्यात सिग्नलला उभं राहिलं की गार होणं बंद. तिथंच कंडेन्सरचा प्रश्न येतो. जुना नळी-पत्र्याचा कंडेन्सर १३४एला उन्हात पुरत नाही. पॅरलल फ्लोचा घ्या आणि त्याच्यापुढं इलेक्ट्रिक पंखा लावा. आमच्या गाडीला सगळ्यात मोठा फरक त्यानंच पडला.

कॉम्प्रेसर आम्ही सँडेन ५०८ पद्धतीचा, पाच पिस्टनचा बसवला. जुना चालू झाला की गाडीला धक्का बसायचा, हा सुरू झालेला कळतही नाही. ब्रॅकेट लेथवाल्याकडून जाड प्लेटमध्ये करून घेतलं. त्यानं पुलींच्या तोंडाला सरळ पट्टी लावून बघितली, केसाएवढी फट दिसली म्हणून वॉशर पुन्हा घासला, तेव्हा कुठं बोल्ट आवळले. अशा माणसाकडं काम द्या. पुली तिरकी असेल तर महागडा कॉम्प्रेसरसुद्धा पट्टे खात बसतो.

आता ओरिजिनलपणा. गाडीला भंगार म्हणणारे दाजीच आता दर दिवाळीला म्हणतात, "ओरिजिनल गेलं, आता त्यात राम नाही राहिला." त्यांना मी तोंडावर सांगितलंय ते इथंही लिहितो. १९८७च्या माँट्रियल करारानंतर आर-१२ ओझोनच्या थराला मारक म्हणून बंद होत गेला, आपल्याकडंही २०१०ला सीएफसीचा, म्हणजे आर-१२च्या जातीच्या गॅसांचा, शेवट झाला. जो गॅस जगानं बंद केला, त्याच्यासाठी मेलेला कॉम्प्रेसर मिरवण्यात कसला ओरिजिनलपणा? दसऱ्याला कोल्हापूरच्या छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकात येते, तिला हात लावू नये हे मलाही कळतं. आप्पांची गाडी रोजच्या वापराची होती. त्यांनी स्वतः तिला बाहेरचा एसी लावला, तेव्हा ओरिजिनल कुणी विचारलं नव्हतं. आम्ही बॉडीला एकही नवं भोक पाडलेलं नाही. डॅशखालचा बॉक्स आणि बटणं आप्पांच्या वेळचीच आहेत, आतलं तेवढं बदललं. जुना कॉम्प्रेसर खोक्यात घालून माळ्यावर ठेवलाय. कुणाला परत बसवायचा असेल तर बोल्ट सोडायचे आणि बसवायचा.

तुमची मात्र पद्मिनी आहे, हे लक्षात घ्या. १०८९ सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर. घाटात एसी बंद करावाच लागेल, कॉन्टेसासारखी अपेक्षा धरू नका. डायनामो असेल तर आधी अल्टरनेटर बसवा, कारण ब्लोअर, क्लच आणि पंख्याचा भार आयडलवरच्या डायनामोला झेपत नाही. रेडिएटर साफ नसेल तर एसीचा विचारसुद्धा नंतर. खर्चाचा आकडा देत नाही, कॉइल गळकी निघाली की सगळा हिशेब बदलतो. एलपीजीसारखा पेटणारा गॅस "स्वस्तात मारून देतो" म्हणणाऱ्याच्या दारात गाडी उभीही करू नका, गळती झाली तर तो गॅस केबिनमध्ये येतो.

काम थंडीतच काढा. मार्चनंतर एसीवाल्यांकडं रांग लागते आणि मग तेही घाई करतात. जोडणी झाली की गॅस भरायच्या आधी गळती कळावी म्हणून नायट्रोजन भरून रात्रभर ठेवायला सांगा. सकाळी स्वतः जाऊन प्रेशरचा काटा बघा, आणि तो उतरला नसेल तरच व्हॅक्यूम मारू द्या.