नागपूरच्या वर्धा रोडवरच्या डबल-डेकर पुलाच्या थरथरण्यातून वीज काढता येईल का?

येईल, पण त्यावर पुलावरचे दिवे काही लागणार नाहीत.

पुलाला स्प्रिंगवर टांगलेलं चुंबक लावायचं. पूल हलला की ते तांब्याच्या कॉइलमध्ये (तारेच्या वेटोळ्यात) वरखाली होतं. फॅरेडेच्या नियमाने (१८३१) कॉइलमध्ये वीज तयार होते आणि ती वीज उलट चुंबकालाच अडवते. म्हणजे हादरा शमवणं आणि वीज काढणं ही एकाच क्रियेची दोन रूपं. कॉइलची टोकं मोकळी सोडलीत तर वीज वाहत नाही आणि हे अडवणंही जवळपास थांबतं! पटत नसेल तर सीताबर्डीतून तांब्याच्या पाइपाचा तुकडा आणि त्यात सैल बसणारं निओडिमियम चुंबक आणा. आत टाका, किती रेंगाळत उतरतं बघा. फक्त तिथे ऊर्जा पाइप तापवण्यातच जाते.

खरी अडचण वेगाची. पूल ३.१४ किमी लांबीचा असला तरी त्याचा प्रत्येक गाळा (दोन खांबांमधला भाग) ताठ असतो, हालचाल जेमतेम मिलिमीटरची. चुंबक हळू हललं की व्होल्टेज कमी, आणि ही उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेने वाहावी म्हणून लावलेला साधा सिलिकॉन डायोडच ०.६-०.७ व्होल्ट खातो.

तडे, ताण मोजणाऱ्या वायरलेस सेन्सरला मात्र मिलीवॉटही चालतात. मी तरी त्यासाठीच वापरेन.