सहाव्या महिन्यात वजन चारच किलो वाढलंय. सासूबाई म्हणतात दोन जिवांचं खा, मावशी म्हणते कमी खा. कोणाचं ऐकू?

ताई, सासूबाईंचं निम्मं ऐका, मावशींचं अजिबात नको. "कमी खा, बाळ लहान राहील, सिझर टळेल" हे कानावर आलं की माझं डोकं तापतं. गरोदर बायकांचा आहार हेच माझं काम आहे आणि या एका सल्ल्याशी माझं जुनं भांडण आहे. सिझर बाळ पायाळू असलं तर होतं, ठोके घसरले तर होतं, कळा येऊनही गर्भाशयाचं तोंड उघडलं नाही तर होतं. खाणं तोडून यातलं काहीच टळत नाही. हाती येतं ते अडीच किलोच्या आतलं बाळ: अंग गरम ठेवायला चरबी नाही, दूध ओढायला ताकद नाही. आईचं रक्त आधीच कमी असलं तर बाळंतपणातला थोडा जास्त रक्तस्रावही तिला झेपत नाही.

आता तुमचा हिशोब. उंची 5 फूट 1 इंच आणि आधीचं वजन 47 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) साधारण 19.5. या गटाला 2009 सालचे अमेरिकन निकष 11.5 ते 16 किलो वाढ सांगतात, आपल्याकडे 10 ते 12 धरतात. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो वाढतं. उलट्या असल्या तर तेवढंही नाही, आणि त्याने बिघडत नाही. चौथ्यापासून मात्र आठवड्याला साधारण 400 ग्रॅम वाढायला हवं. 24 आठवड्यांना पाचच्या आसपास हवं होतं, तुमचं चार आहे. म्हणजे थोडं मागे आहात. घाबरू नका, पण "सगळं नॉर्मल आहे" एवढ्यावर गप्पही बसू नका. कार्डावरचे मागच्या तीन तपासण्यांचे आकडे समोर ठेवा आणि महिन्याला दीड किलोच्या आसपास वाढ दिसते का ते बघा. सलग दोन महिने किलोच्या आत असेल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

घरचा काटा वापरणार असाल तर तो फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. आठवड्यातून एकदाच, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, उपाशीपोटी, त्याच गाऊनमध्ये. दवाखान्यात जेवून, साडी नेसून केलेल्या वजनाशी त्याची तुलना केलीत तर किलोभर फरक दिसणारच.

आता सासूबाईंचं निम्मं. चौथ्या महिन्यापासून रोज जास्तीच्या लागतात 350 कॅलरी, दुप्पट जेवण नाही. एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि कपभर दूध, झाला हिशोब पुरा. खरी ओढाताण प्रथिनांची असते: सातव्यापासून रोज 20 ग्रॅमच्या वर जास्तीची लागतात. म्हणून डिंकाच्या लाडवांवर माझा भरवसा नाही. एका लाडवात दोनशेच्या आसपास कॅलरी, त्यातल्या बऱ्याचशा तूप-गुळाच्या. त्यापेक्षा मूठभर भाजलेले शेंगदाणे खा, 30 ग्रॅममध्ये सात-आठ ग्रॅम प्रथिनं मिळतात. अंडं चालत असेल तर रोज एक, नीट उकडलेलं. आता पोट वर दाबायला लागेल, दोन घासांत भरल्यासारखं वाटेल, जळजळेल. तेव्हा तीन वेळचं जेवण सहा वेळात वाटा आणि रात्री जेवून लगेच आडव्या होऊ नका. लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, मध्ये दोन तास ठेवा. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते.

आणि वाढलेलं सगळं अंगावर चढत नाही. बाळ तीन किलो, वार आणि गर्भजल मिळून दीड, गर्भाशय एक, वाढलेलं रक्त सव्वा-दीड. उरलेल्यात छाती, अंगातलं पाणी आणि पुढे दूध पाजायला लागणारी चरबी. मावशी टाळायला निघाल्यात ती हीच चरबी.

हे सगळं एका बाळाचं गणित आहे. जुळं असेल, साखर किंवा थायरॉइड असेल, किंवा सुरुवातीचा बीएमआय 25 च्या वर असेल तर आकडे वेगळे. 75 ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची साखरेची तपासणी याच आठवड्यांत असते, ती चुकवू नका. आणि वजन आठवड्यात अचानक किलोभराच्या वर गेलं, अंगठी घट्ट झाली, चेहरा सुजला, डोकं दुखायला लागलं, तर ते खाण्याचं वजन नव्हे. त्याच दिवशी जाऊन रक्तदाब मोजून घ्या, पुढच्या तारखेची वाट बघू नका.