आधी प्रसंग, मग गळा

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल दुपारी मिळाले आणि रात्री मला नीट झोप लागली नाही. ग्लुक या संगीतकाराच्या 'ओर्फेओ एद एउरिदिचे' या ऑपेरातली 'के फारो सेन्झा एउरिदिचे' ही आरिया, म्हणजे एकट्याने गायचे पद, तू परीक्षेसाठी निवडलीस आणि आता ती तुला फार सोपी वाटू लागली आहे. चाल सी मेजर या उजळ स्वरपट्टीत असल्याने ऐकणाऱ्याला ती जवळजवळ आनंदी वाटते, परीक्षकांना गळ्याची तयारी दिसणारच नाही, म्हणून ध्रुवपद शेवटच्या वेळी येते तेव्हा चार हरकती आणि अखेरीस एक लांब तान घालू का, असे तू विचारतेस. घालू नकोस. पण एवढेच लिहून पाकीट बंद केले तर तू घालशीलच, कारण तुझ्या वयात मीही घातल्या होत्या.

५ ऑक्टोबर १७६२ रोजी व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये हा ऑपेरा प्रथम झाला, तेव्हा इटालियन गंभीर ऑपेराची रीत काय होती हे तू शिकली आहेस. आरियाचा पहिला भाग, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, आणि परत आलेल्या त्या पहिल्या भागात गायकाने आपली सारी करामत दाखवायची. तोवर कथा दारात ताटकळत उभी. ग्लुक आणि त्याचा कवी काल्झाबीजी यांनी ही रीत मोडली. पात्रे तीनच ठेवली, बाकीचे काम कोरसला, म्हणजे गाणाऱ्या समूहाला, आणि नृत्याला दिले, हार्प्सिकॉर्ड या पियानोसारख्या वाद्याच्या टेकूवर चालणारे कोरडे रेसिटेटिव्ह (बोलल्यासारखे गाणे) टाकून संवादही वाद्यवृंदाच्या साथीने बांधले. पडदा उघडतो तेव्हा ओर्फेओची बायको एउरिदिचे आधीच मेलेली असते. तिच्या थडग्याभोवती कोरस शोक करीत असतो आणि त्या शोकाच्या मधोमध ओर्फेओ फक्त तिचे नाव घेतो. तीनदा. ओर्फेओचे काम करणाऱ्या, त्या काळच्या नामांकित गायकांत गणल्या जाणाऱ्या गाएतानो ग्वादान्यीला रंगमंचावर पहिल्यांदा तोंड उघडताना काय मिळाले, तर एक हाक! आधी प्रसंग, मग गळा. मला आयुष्यात एवढे एकच शिकवता आले, आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

आता तुझ्या खऱ्या शंकेकडे येते. सूर आनंदी वाटतात, ही शंका तुझी एकटीची नाही. १८५४ साली हान्सलिक या समीक्षकाने याच आरियाच्या फ्रेंच शब्दांचा दाखला देऊन म्हटले होते की 'एउरिदिचे हरवली'मधल्या 'हरवली'ऐवजी 'सापडली' असे शब्द घातले तरी ही चाल तितकीच शोभेल. ग्लुकला हा धोका त्याच्याही आधी दिसला होता. 'पारिदे एद एलेना' या आपल्या दुसऱ्या ऑपेराच्या १७७० सालच्या अर्पणपत्रिकेत त्याने स्वतःच लिहिले की 'के फारो'च्या भावदर्शनात थोडासा बदल केला तरी तिचे कळसूत्री बाहुल्यांचे नृत्य होऊन बसेल. म्हणजे या सुरांत दुःख आयते भरून ठेवलेले नाही. ते गाणाऱ्याने प्रसंगातून आणायचे आहे. आणि तू म्हणतेस ही आरिया सोपी आहे?

प्रसंग पाहा. एउरिदिचेला पाताळातून परत आणताना तिच्याकडे पाहायचे नाही, ही अट मोडून ओर्फेओने मागे वळून पाहिले आहे आणि ती त्याच्यासमोर दुसऱ्यांदा मेली आहे. 'एउरिदिचेवाचून काय करू, कुठे जाऊ?' असे तो विचारतो. मग गाणे थबकते, तो तिला नावाने हाक मारतो, 'रिस्पोंदी', उत्तर दे, म्हणतो. उत्तर येत नाही. त्यानंतर ध्रुवपद परत येते, तीच चाल, तेच शब्द, कारण ज्याला उत्तर मिळालेले नसते तो माणूस तोच प्रश्न तसाच पुन्हा विचारतो. त्या प्रश्नाला नक्षी कशी काढशील?

मी काढली होती. तेवीस वर्षांची असताना एका छोट्या सभागृहात शेवटच्या ध्रुवपदावर मी अशी तान घेतली की टाळ्या थांबेनात. साथीला पियानोवर एक वृद्ध गृहस्थ होते. कार्यक्रम संपल्यावर वाद्याचे झाकण लावता लावता ते म्हणाले, ''मुली, तो मेलेल्या बायकोशी बोलत होता ना?'' मी त्यांच्यावर रागावले, त्यांच्याकडे पुन्हा कधी गेले नाही, आणि त्यांचे बरोबर होते हे सांगायला मला ते हयात असेपर्यंत वेळ झाला नाही. तेव्हापासून मी कोणत्याही विद्यार्थ्याला या आरियात एक सूर जास्तीचा घेऊ दिलेला नाही. यापायी काही विद्यार्थी सोडून गेले, मला हेकट म्हणून गेले. म्हणोत. माझे चुकले असे मला अजून वाटत नाही.

ग्वादान्यीचेच पाहा ना. लंडनमध्ये गॅरिकसारख्या नटाकडून अभिनय शिकलेला हा गायक पुढे तिथेच ओर्फेओ करताना टाळ्यांना मान लववीत नसे आणि मागणी झाली तरी पद पुन्हा म्हणत नसे. प्रेक्षक त्याच्यावर नाराज झाले तरी त्याने पात्र सोडले नाही. आपल्या संगीत नाटकांत 'वन्स मोअर' म्हणजे प्रसादच मानला जातो, त्यामुळे हे तुला उद्धटपणाचे वाटेल. मला त्यात निष्ठा दिसते.

पॅरिसच्या १७७४ सालच्या आवृत्तीत ग्लुकने स्वतःच पहिल्या अंकाच्या शेवटी तानांनी भरलेली आरिया घातली, मग मला का अडवता, असा तुझा शेवटचा प्रश्न आहे. तिथे ओर्फेओ आशेने पाताळाकडे निघाला आहे, त्या उसळीला ताना कशाबशा खपतात. तरीही ती आरिया मला आवडत नाही, हे मी कबूल करते. पण थडग्यापाशी आणि दुसऱ्या मरणापाशी त्याने असे काही केलेले नाही, आणि तुझी आरिया तिथली आहे. आधी प्रसंग, मग गळा!

गुरुवारी येशील तेव्हा आरिया गाऊ नकोस. तिच्या आधीचे रेसिटेटिव्ह इटालियनमध्ये स्वतःच्या हाताने लिहून आण, प्रत्येक ओळीखाली मराठी अर्थ लिही आणि माझ्यासमोर उभी राहून ते नुसते वाचून दाखव. पियानो मी बंदच ठेवणार आहे.

तुझी,
बाई